शटर पडण्याआधीची वर्षं



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दर वर्षी होतं, त्यांनी ठेवीदारांसाठी अर्ज लिहिण्यात आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या चढण्यात उमेद खर्च केली. त्यामुळे आज मी ज्या बँकेबद्दल बोलणार आहे ती परदेशातली असली, तरी विषय त्यांचाच आहे, असं मी मानतो.

जुलै १९९१ चा पहिला आठवडा आपल्याला आठवतो तो रुपयामुळे. १ जुलैला आणि पुन्हा ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं. परकीय चलनाचा साठा काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकाच उरला होता. ४ जुलैपासून रिझर्व्ह बँकेचं सोनं मुंबईहून विमानानं लंडनला जाऊ लागलं. १८ जुलैपर्यंत ४६.९१ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडच्या ताब्यात गेलं आणि त्या तारणावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. सोन्याची ही ने-आण चालू असतानाच, ५ जुलैच्या शुक्रवारी दुपारी एक वाजता, याच बँक ऑफ इंग्लंडनं लंडनमधल्या एका बँकेचे दरवाजे बंद केले. त्याच दिवशी लक्झेंबर्ग, केमन बेटं, अमेरिका आणि इतर देशांतल्या अधिकाऱ्यांनीही आपापल्या हद्दीतल्या शाखांवर आणि मालमत्तेवर टाच आणली. पुढच्या काही दिवसांत साठहून अधिक देशांतला कारभार ठप्प झाला. बँकेचं नाव बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल, थोडक्यात बीसीसीआय. आपल्या क्रिकेट मंडळाशी तिचा काही संबंध नाही.

या बँकेवर आरोप काय होते? अमली पदार्थांच्या व्यापाराचा पैसा एका देशातून दुसऱ्या देशात बेकायदा पोहोचवणं, हुकूमशहांची खाती सांभाळणं, खोटे ताळेबंद आणि बनावट कर्जं. आरोप खरे निघाले. बँक बंद करणं योग्यच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला बोलायचं आहे ते त्या शुक्रवारच्या आधीच्या काळाबद्दल. संशय आला तो दिवस आणि शटर पडलं तो दिवस, या दोहोंमध्ये काही वर्षं गेली. त्या वर्षांत सरकारी यंत्रणेला पुष्कळ काही माहीत होतं, लेखापरीक्षकांना माहीत होतं, मोठ्या खातेदारांना वास लागला होता. माहीत नव्हतं ते फक्त काउंटरवर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला. तो त्या वर्षांतही पैसे भरत राहिला.

आधी बँकेची थोडी ओळख करून देतो. तिचे संस्थापक आगा हसन अबेदी हे लखनौकडचे. बँकिंगमधली त्यांची सुरुवात आपल्या मुंबईत झाली, १९४६ साली, हबीब बँकेत. हबीब बँक १९४१ साली मुंबईतच स्थापन झाली होती. फाळणीनंतर ती कराचीला गेली आणि अबेदीही गेले. तिथे १९५९ मध्ये त्यांनी युनायटेड बँक उभी केली. भुट्टोंच्या काळात पाकिस्तानातल्या बँकांवर राष्ट्रीयीकरणाचं सावट आलं, तेव्हा अबेदींनी देशाबाहेर बँक काढायचं ठरवलं. १९७२ मध्ये लक्झेंबर्गला नोंदणी झाली. भांडवल अबू धाबीच्या शेख झायेद यांच्याकडून आलं आणि चौथा हिस्सा बँक ऑफ अमेरिकेनं उचलला. या अमेरिकन नावामुळे नव्या बँकेला मोठी पत मिळाली. मात्र १९८० पर्यंत बँक ऑफ अमेरिका भागीदारीतून बाहेर पडली होती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घरात राहून हिशेब पाहणारा भागीदार बाहेर पडतो, तेव्हा त्याचं कारण विचारायला हवं होतं.

अबेदींची भाषा मोठी होती. तिसऱ्या जगाची बँक, गरीब देशांतल्या माणसाला आपली वाटेल अशी बँक, असं ते सांगत. त्यांनी संस्थांना देणग्या दिल्या, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आरोग्यकार्याला पैसा पुरवला. आणि हेही मान्य करायला हवं की साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी दुकानदाराला गोऱ्यांच्या बँकेत जी वागणूक मिळे, तिच्यापुढे इथली वागणूक आपुलकीची होती. काउंटरवर आपल्या भाषेत बोलणारं कुणी तरी असे. दुकान उघडायला कर्ज मिळे, गावाकडे पैसे पाठवता येत. हजारो कुटुंबांनी इथे खाती उघडली ती भोळेपणानं नव्हेत. ज्यानं त्यांना दारात उभं केलं, त्याच्याकडे ते गेले.

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर बँकेचं प्रत्यक्ष मुख्यालय होतं. नोंदणी मात्र लक्झेंबर्गला. १९७५ मध्ये बँकेचे आणखी भाग पडले: एक लक्झेंबर्गची कंपनी, दुसरी केमन बेटांवरची. लेखापरीक्षकही दोन, प्रत्येकाकडे निम्मंच चित्र. १९८७ मध्ये प्राइस वॉटरहाउस या एकाच संस्थेकडे सगळं काम आलं. तोवर संपूर्ण ताळेबंद एका टेबलावर मांडून कुणी पाहिलेलाच नव्हता. लक्झेंबर्गच्या अधिकाऱ्यांपुढे कंपनीचा कागद होता, व्यवहार नव्हता. लंडनच्या अधिकाऱ्यांपुढे व्यवहार होता, पण ते म्हणत, मूळ जबाबदारी लक्झेंबर्गची. ज्यांनी लेखापरीक्षणात उमेदवारी केली आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. एका शाखेतलं बुडीत कर्ज वर्षअखेरीला दुसऱ्या शाखेच्या पैशातून फेडलेलं दाखवायचं, दुसरीकडचं तिसऱ्या शाखेतून, आणि आपल्याकडच्या मार्चअखेरीच्या जागी तिथे डिसेंबरअखेर, एवढाच फरक.

आता पैसा इकडून तिकडे कसा जात होता ते पाहू, कारण हा भाग समजला की बाकीचं आपोआप समजतं.

अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याचा रॉबर्ट मझूर हा अधिकारी फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात वेगळ्या नावानं श्रीमंत व्यावसायिक बनून राहिला. कोलंबियातल्या कोकेनच्या टोळ्यांची अमेरिकेत जमलेली रोकड ठिकाणाला लावून देतो, अशी त्यानं बतावणी केली. बीसीसीआयचे अधिकारी त्याला भेटले आणि मार्ग सुचवू लागले. मार्ग साधा होता. पैसा एका देशातल्या शाखेत मुदत ठेव म्हणून ठेवायचा. दुसऱ्या देशातल्या शाखेनं त्या ठेवीच्या तारणावर तेवढ्याच रकमेचं कर्ज द्यायचं, पण दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीच्या नावानं. कर्जाची रक्कम तिथून दक्षिण अमेरिकेत जाई. कर्ज फेडण्याचा प्रश्नच नव्हता. वेळ आली की ठेव त्यात वळती करायची. कागदावर दोन स्वतंत्र, नियमित व्यवहार दिसतात, एक ठेव आणि एक कर्ज. दोन्ही कागद एका अधिकाऱ्याच्या हातात कधी येत नाहीत, कारण दोन्ही दोन देशांत आहेत आणि दोन्ही देशांत गोपनीयतेचे कायदे आहेत.

आपल्याकडची प्रत्येक पतसंस्था ठेवीवर कर्ज देते. मुलीच्या लग्नाला ठेव न मोडता पैसे मिळावेत म्हणून ही सोय आहे. तीच सोय देशांच्या सीमा आणि खोटी नावं यांच्यामध्ये ठेवली, की कोकेनची रोकड कर्जाऊ रक्कम होऊन बाहेर पडते. म्हणून एखादा व्यवहार नियमात बसतो की नाही, हा प्रश्न पुरेसा नाही. समोरची दोन कागदपत्रं कुणी तरी एकत्र ठेवायला हवीत.

ऑक्टोबर १९८८ मध्ये मझूरच्या खोट्या लग्नाचा बेत रचला गेला. पाहुणे म्हणून देशोदेशींहून आलेल्या संशयितांना लग्नाच्या आदल्या रात्री मेजवानीच्या निमित्तानं गाड्यांत बसवलं आणि अटक केली. पनामाचे हुकूमशहा मॅन्युएल नोरिएगा यांचं खातं सांभाळणारा अधिकारी आरोपींमध्ये होता. जानेवारी १९९० मध्ये बँकेनं पैशाच्या अवैध हस्तांतराचा गुन्हा कबूल केला आणि तिचे सुमारे दीड कोटी डॉलर जप्त झाले.

इथे थांबून तारीख पाहा. जानेवारी १९९०. एका आंतरराष्ट्रीय बँकेनं अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आहे. बँक बंद झाली जुलै १९९१ मध्ये. मधल्या दीड वर्षात ब्रिटनमधल्या शाखा रोज सकाळी उघडत होत्या आणि ठेवी घेत होत्या.

संशय तर त्याहून जुना होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बँकेच्या ब्रिटनमध्ये चाळीसहून अधिक शाखा झाल्या होत्या, तेव्हाच बँक ऑफ इंग्लंडनं विस्ताराला आळा घातला. १९७९ च्या कायद्याखाली पूर्ण मान्यताप्राप्त बँकेचा दर्जा तिला नाकारला आणि ठेवी स्वीकारण्याचा परवाना असलेली संस्था असा दुय्यम दर्जा दिला. म्हणजे अधिकाऱ्यांना काही तरी खटकत होतं. पण दारावरची पाटी बँकेचीच राहिली आणि पहिला दर्जा कोणता, दुसरा कोणता, हे बर्मिंगहॅमच्या किराणा दुकानदाराला कसं कळणार? पुढे १९८५ च्या सुमारास बँकेच्या मध्यवर्ती कोषागाराचं मोठं नुकसान उघडकीला आलं. तो फसवणुकीचा प्रकार न मानता अननुभवी माणसांचा गोंधळ मानला गेला. अमेरिकेच्या गुप्तचर संघटनेकडे, सीआयएकडे, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून माहिती होती की वॉशिंग्टनमधली फर्स्ट अमेरिकन ही मोठी बँक बीसीसीआयच्या छुप्या मालकीची आहे. ही संघटना स्वतःही बीसीसीआयमधली खाती वापरत होती. लंडनच्या शाखेत अबू निदाल या दहशतवादी गटाची खाती होती, आणि ब्रिटिश गुप्तचरांना ती माहीत होती. खात्यांवर नजर ठेवता येते म्हणून बँक चालू राहणं काही जणांना सोयीचं वाटलं असेल. पण त्या बँकेत इतर लोकही पैसे ठेवत होते, याचा विचार त्या सोयीत कुठे होता?

मात्र एप्रिल १९९० हा महिना मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. प्राइस वॉटरहाउसनं बँक ऑफ इंग्लंडला कळवलं की काही व्यवहार खोटे किंवा फसवे आहेत आणि कर्जखात्यांत मोठी भोकं आहेत. गोकल बंधूंच्या जहाज कंपन्यांना दिलेली कर्जं त्यांत सर्वांत ठळक होती. पुढे १९९७ मध्ये अब्बास गोकल यांना लंडनच्या न्यायालयानं १.२ अब्ज डॉलरच्या फसवणुकीच्या कटासाठी १४ वर्षांची शिक्षा दिली. पण १९९० मध्ये काय झालं? अबू धाबीच्या राज्यकर्त्यांनी आणखी भांडवल ओतायचं आणि ७७ टक्के हिस्सा घ्यायचा, मुख्यालय लंडनहून अबू धाबीला हलवायचं, आणि लेखापरीक्षकांनी १९८९ च्या हिशेबावर सही करायची, असं ठरलं. सही झाली. तिच्यासोबत एक टीप होती: बँकेचं चालू राहणं मुख्य भागधारकांच्या आर्थिक पाठिंब्यावर अवलंबून आहे. अशी टीप वाचून घाबरायला हिशेबाचं शिक्षण लागतं. सामान्य ठेवीदाराला ती बातमी चांगलीच वाटली असणार, कारण तेलाच्या पैशानं बँकेला आधार दिला होता.

हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. बँक वाचली तर ठेवीदारही वाचतील, असा हिशेब असणार. पण ज्यांच्या पैशानं तो डाव खेळला गेला त्यांना कुणी विचारलं नाही.

न्यूयॉर्कमध्ये मात्र एक माणूस थांबायला तयार नव्हता. मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेन्थाऊ. सिनेटर जॉन केरी यांच्या समितीसाठी चौकशी करणारे जॅक ब्लम १९८९ मध्ये केंद्रीय न्याय खात्याकडून निराश होऊन त्यांच्याकडे गेले. मॉर्गेन्थाऊंनी चिकाटीनं तपास लावून धरला. त्याचा दाब लंडनवरही आला. मार्च १९९१ मध्ये बँक ऑफ इंग्लंडनं बँकिंग कायद्याच्या कलम ४१ खाली प्राइस वॉटरहाउसकडून अहवाल मागवला. त्या अहवालात बीसीसीआयचं नाव न घेता सँडस्टॉर्म, म्हणजे वाळूचं वादळ, असं सांकेतिक नाव वापरलं होतं. जूनच्या अखेरीस तो हाती आला. फसवणूक इतकी व्यापक होती की बँकेचा खरा ताळेबंद मांडणंच अशक्य होतं. पुढच्या पंधरवड्यात शटर पडलं.

आता त्या शुक्रवारी काय झालं ते सांगतो. ब्रिटनमधल्या शाखांच्या दारांवर नोटिसा लागल्या. त्या आठवड्याचे पगार खात्यात जमा झाले होते, ते अडकले. दुकानदारांनी घाऊक व्यापाऱ्यांना दिलेले धनादेश परत आले. ब्रिटनच्या ठेव संरक्षण योजनेत पहिल्या २०,००० पौंडांचे ७५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १५,००० पौंड, मिळणार होते. पण त्यासाठी अवसायनाचा आदेश लागत होता, आणि न्यायालयानं तो दिला जानेवारी १९९२ मध्ये. तोवर सहा महिने गेले. ज्याच्या खात्यात दुकानाचं खेळतं भांडवल आहे, त्याला सहा महिने म्हणजे दुकान गेलं. स्कॉटलंडच्या वायव्येकडल्या बेटांचा कारभार पाहणाऱ्या वेस्टर्न आइल्स परिषदेचे २ कोटी ३० लाख पौंड या बँकेत होते. लोकसंख्या काही हजारांत मोजावी असा तो दुर्गम मुलूख. बँकेचे सुमारे १४,००० कर्मचारी होते. त्यांतल्या बहुतेकांचा या घोटाळ्याशी काडीचाही संबंध नव्हता, पण पुढे नोकरी मागायला गेल्यावर या बँकेचं नाव त्यांना नडलं.

हाँगकाँगचं उदाहरण वेगळं आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी आठवड्याच्या अखेरीस सांगितलं की इथली उपकंपनी सुस्थितीत आहे. सोमवारी, ८ जुलैला, तीच बंद केली. लोक रस्त्यावर उतरले. आणि त्या एका सोमवारमुळे विश्वास इतका ढासळला की ऑगस्टमध्ये नुसत्या अफवेवरून सिटीबँक आणि स्टँडर्ड चार्टर्ड यांच्या हाँगकाँगमधल्या शाखांपुढे रांगा लागल्या. गोपनीयतेच्या बाजूनं जो युक्तिवाद केला जातो तो मी याच ठिकाणी मान्य करतो. अफवेनं चांगली बँकही बुडू शकते. पण अफवा कुठे वाढते? जिथे अधिकाऱ्याचा शनिवारचा शब्द सोमवारी खोटा ठरतो, तिथे.

बँक केव्हा बंद करायची, या प्रश्नात केवळ वर्षच नाही, घटकाही महत्त्वाची असते. जून १९७४ मध्ये जर्मनीतली हेरस्टाट बँक दिवसाच्या अखेरीस बंद केली गेली. युरोपात तिला जर्मन मार्क मिळून चुकले होते, आणि न्यूयॉर्कमध्ये तिनं द्यायचे डॉलर अजून बाकी होते. समोरच्या बँकांचा पैसा अधांतरी राहिला. त्यातून देशोदेशींच्या बँक-पर्यवेक्षकांची बासलची समिती जन्माला आली. सतरा वर्षांनी बीसीसीआय बंद झाली तेव्हा एका जपानी बँकेनं येन दिले होते आणि डॉलर यायचे राहिले होते. तोच धडा, पुन्हा तसाच.

मग मुंबईचं काय? बीसीसीआयची भारतात एकच शाखा होती, मुंबईतली, १९८३ मध्ये उघडलेली. ब्रिटनमध्ये चाळीसहून अधिक आणि भारतात एक, यामागे आपल्या रिझर्व्ह बँकेची सावध वृत्ती होती. मनमोहन सिंग यांच्या कन्या दमन सिंग यांनी आपल्या आईवडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात हा प्रसंग आला आहे. मनमोहन सिंग तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. या बँकेच्या परवान्यावरून केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात मतभेद झाले आणि परवान्याचा अधिकारच काढून घेण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्यांनी राजीनामा देऊ केला. तो विचार मागे पडला आणि तेही पदावर राहिले. पुढे १९९१ च्या जुलैमध्ये बँक बंद झाली तेव्हा तेच अर्थमंत्री होते, सोनं लंडनला जात होतं आणि २४ जुलैचा अर्थसंकल्प तोंडावर आला होता. मुंबईच्या शाखेचा व्यवसाय पुढे स्टेट बँकेनं त्यासाठी काढलेल्या उपकंपनीनं घेतला. एसबीआय कमर्शियल अँड इंटरनॅशनल बँक हे तिचं नाव. २०११ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली. बांगलादेशात अशाच शाखांमधून १९९२ मध्ये ईस्टर्न बँक उभी राहिली, झिंबाब्वेत सरकारनं बँक ताब्यात घेऊन तिचं नाव बदललं. ज्या देशांनी शाखा आपल्या कायद्याखाली वेगळी उभी करायला लावली होती किंवा तिला एका खोलीपलीकडे पसरू दिलं नव्हतं, तिथल्या ठेवीदारांचं नुकसान कमी झालं.

परवाना देण्याच्या दिवशी एका अधिकाऱ्यानं नाही म्हणणं, हे मला बंद करण्याच्या सगळ्या शौर्यापेक्षा मोठं काम वाटतं. त्याची बातमी होत नाही. न बुडालेल्या ठेवींची गणती कुणी करत नाही.

कुणी म्हणेल, मग संशय आला की लगेच बंद करा. नाही. त्या बाजूचंही उदाहरण आपल्यापुढे आहे. ७ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेनं अल बराकात या सोमाली संस्थेची मालमत्ता गोठवली. ती हवाल्यानं पैसे पोहोचवणारी सोमालियातली सर्वांत मोठी संस्था होती. त्या देशात तेव्हा चालतं सरकार नव्हतं, बँका नव्हत्या. परदेशात राबणारा मुलगा आईला महिन्याचे पैसे पाठवे ते याच मार्गानं. ते एका दिवसात थांबले. पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा या संस्थेनं दहशतवाद्यांना पैसा पुरवल्याचा आरोप सिद्ध होईल असा पुरावा मिळाला नाही. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांत आखाती देशांतून पैसा येत आला आहे, त्या घरांना वेगळं समजावून सांगायला नको. बीसीसीआयच्या बाबतीत पुरावा असून वर्षानुवर्षं हात आखडला. अल बराकातच्या बाबतीत पुरावा नसताना एका सकाळी हात उगारला. दोन्ही ठिकाणी मधल्या माणसाला कुणी काही सांगितलं नाही.

बीसीसीआयच्या ठेवीदारांनी पुढे काय केलं हेही सांगायला हवं. अवसायकांनी देशोदेशींची मालमत्ता शोधली, अबू धाबीशी तडजोड केली आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिला हप्ता दिला, रकमेच्या २४.५ टक्के. साडेपाच वर्षांनी. नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत आणखी हप्ते येत गेले आणि अवसायकांच्या कष्टांमुळे सुरुवातीला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट पैसा परत मिळाला. पण ज्या दुकानदारानं १९९१ मध्ये घर गहाण टाकलं, त्याला २००५ मधला हप्ता काय कामाचा? दरम्यान इंग्लंडमधल्या थ्री रिव्हर्स जिल्हा परिषदेसह हजारो ठेवीदारांच्या वतीनं बँक ऑफ इंग्लंडवरच दावा गुदरला गेला. ब्रिटिश कायद्यानं पर्यवेक्षकाला संरक्षण दिलेलं आहे. नुसता हलगर्जीपणा दाखवून भागत नाही, जाणूनबुजून पदाचा गैरवापर केला हे सिद्ध करावं लागतं. प्रत्यक्ष सुनावणी सुरू झाली जानेवारी २००४ मध्ये. ठेवीदारांच्या वकिलांचं प्रारंभीचं भाषण ८० दिवस चाललं, बँक ऑफ इंग्लंडच्या वकिलांचं त्याहून अधिक. नोव्हेंबर २००५ मध्ये दावा मागे घ्यावा लागला. इतका वाईट हेतू सिद्ध होण्यासारखा नव्हताच, आणि माझ्या मते तो नव्हताही. लॉर्डपदी पुढे गेलेल्या न्यायमूर्ती बिंगहॅम यांनी ऑक्टोबर १९९२ च्या अहवालात पर्यवेक्षणातली ढिलाई नोंदवली होती. सिनेटर केरी आणि सिनेटर हँक ब्राऊन यांच्या सुमारे ८०० पानी अहवालानं डिसेंबर १९९२ मध्ये अधिक कडक भाषा वापरली. पण ढिलाईची भरपाई मागण्याची वाट कायद्यानं ठेवलेलीच नव्हती.

आता घराकडे येतो. १९६० मध्ये केरळची पालई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून भारतात ठेव विमा सुरू झाला. सुरुवातीला मर्यादा १,५०० रुपये होती. बीसीसीआय बंद झाली त्या वर्षी ती ३०,००० होती, १९९३ मध्ये एक लाख झाली आणि मग सत्तावीस वर्षं तिथेच थांबली. फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली, ती सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आल्यानंतर. भांडुपला मुख्यालय असलेल्या त्या बँकेत पहिल्या दिवशी ठेवीदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. एका बांधकाम समूहाची कर्जं लपवण्यासाठी हजारो बनावट खाती उघडली गेली होती. वर्षानुवर्षं लेखापरीक्षण होत होतं, तपासण्या होत होत्या. मुंबईच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या त्या वृद्धांच्या हातात पासबुक होतं. तपासणीचा अहवाल नव्हता.

तो अहवाल ठेवीदाराला मिळावा का? माहितीच्या अधिकाराखाली लोकांनी मागितला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं गोपनीयतेचं आणि विश्वासाच्या नात्याचं कारण देऊन नकार दिला. १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात निकाल दिला की रिझर्व्ह बँकेचं असं विश्वासाचं नातं बँकांशी नाही. तिचं कर्तव्य जनतेशी, ठेवीदारांशी आहे. माझ्या दृष्टीनं ठेवीदारांच्या बाजूनं या देशात झालेला तो सर्वांत मोठा निकाल आहे. बँका त्याविरुद्ध पुन्हा न्यायालयात गेल्या आणि वाद पुढे चालू राहिला.

माझी मागणी त्या निकालाच्या आतली आणि छोटी आहे. संपूर्ण अहवाल लगेच द्या असं मी म्हणत नाही. हाँगकाँगचा ऑगस्ट मला आठवतो. पण शाखेच्या भिंतीवर जिथे मुदत ठेवीचे व्याजदर लावलेले असतात, तिथेच त्या बँकेची शेवटची तपासणी कधी झाली, लेखापरीक्षकानं कोणती श्रेणी दिली आणि हिशेबाला कोणती टीप जोडली, हे मराठीत, मोठ्या अक्षरात लावलं जावं. वर्षातून एकदा बदललं जावं. १९९० च्या वसंतात लंडनमध्ये त्या सहीसोबत आलेली ती एक ओळ इंग्रजी, उर्दू, गुजराती आणि बंगालीत शाखेच्या दारावर लागली असती, तर किती ठेवी तिथून निघाल्या असत्या ते मला सांगता येणार नाही. पण त्या काढायच्या की ठेवायच्या, हे ठेवीदारांनी ठरवलं असतं. आपल्या तालुक्यातल्या बँकांच्या वार्षिक सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतात. ताळेबंदाच्या पानामागे लेखापरीक्षकाच्या टिपा छापलेल्या असतात. सभेत उभं राहून त्या मोठ्यानं वाचायला सांगण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे.